गृहस्थाश्रमातील अहिंसा आणि स्त्रीचे आत्मभान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टने समाजसेवेची पन्नास वर्षे पूर्ण केली, ही आपणा सर्वांना अभिमान वाटावी अशी घटना आहे. मंदिराचा जीर्णोद्धार, विद्यार्थ्यांचे वसतिगृह, शिष्यवृत्त्या, धर्मार्थ दवाखाना या कार्यांचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी केलाच आहे. संयोजकांनी मला ‘व्यापार आणि नीती’ हा विषय सुचविला होता. तो मी विनंतीपूर्वक बदलून घेतला. दुकानाच्या उंबऱ्याबाहेरील नीतीविषयी आपण पुष्कळ बोलतो. घराच्या उंबऱ्याआतील नीतीविषयी मात्र आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच बोलले जाते. म्हणून आज मी एका अवघड विषयाला हात घालीत आहे. पतीकडून वर्षानुवर्षे होणाऱ्या छळामुळे स्त्रीच्या ‘मी’पणाचे, तिच्या आत्मभानाचे काय होते, हा तो विषय होय.

मी मानसशास्त्राचा अभ्यासक नाही, शास्त्रातील पंडितही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी आहे. तथापि वाचनाची आवड आणि समाजाच्या बैठकांमध्ये ऐकावे लागलेले संसार यांमुळे जे ध्यानात आले, ते आपणासमोर ठेवीत आहे.

हा प्रश्न आपला आहे काय?

प्रथम एका समजुतीचा परामर्श घेऊ. ‘असले प्रकार दारूच्या गुत्त्याशेजारच्या वस्तीत होतात, आपल्या निर्व्यसनी, शाकाहारी, सुसंस्कृत समाजात होत नाहीत,’ असे आपण मोठ्या विश्वासाने म्हणतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी देशात सुमारे २९ टक्के आणि आपल्या महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले आहे. म्हणजे चौघींमागे एक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेले जगाचे आकडेही याच्या आसपासचे आहेत. श्रीमंत देश, सुशिक्षित घराणी, कोणीच यातून पूर्णपणे सुटलेले नाही. मग आपण तरी कसे सुटू?

त्याच सर्वेक्षणातील आणखी दोन आकडे मला अधिक अस्वस्थ करतात. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी ती गोष्ट कधी कोणाला सांगितलीही नव्हती आणि कोणाची मदतही मागितली नव्हती. दुसरे असे की, अमुक कारणासाठी पतीने पत्नीला मारणे योग्यच आहे, असे सुमारे ४५ टक्के स्त्रियांना वाटत होते, आणि पुरुषांमध्ये हेच प्रमाण ४४ टक्के होते. सोसणाऱ्या पक्षालाच ते सोसणे न्याय्य वाटू लागावे, यातच आजच्या विषयाचे मर्म आहे. अंगावरचा वळ चार दिवसांत जिरतो. ‘मला मारले ते बरोबरच होते’ हा मनावरचा वळ मात्र जिरत नाही.

हिंसेची शास्त्रोक्त व्याप्ती

हिंसा म्हणजे मारहाण एवढाच अर्थ आपण घेतला तर आपल्याच शास्त्राशी ते विसंगत ठरेल. आपल्या आचार्यांनी द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असा भेद करून ठेवला आहे. प्रमादाने, कषायाच्या आवेगाने जिवाला पीडा देणे हे तत्त्वार्थसूत्राने हिंसेचे लक्षण मानले. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात याहीपुढे जाऊन असत्य, चोरी आदी सर्व पापे ही वस्तुतः हिंसेचीच रूपे आहेत, असे प्रतिपादन केले.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केलेले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. हे आपण बहुधा गाई-बैलांपुरते समजून घेतो. बैलावर जादा ओझे लादू नये, हे आपल्याला कळते. परंतु जिला बाहेर पडण्यास, माहेरी दूरध्वनी करण्यास, मैत्रिणीशी बोलण्यास मनाई आहे, तिचा तो बंध नव्हे काय? पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत राबणाऱ्या सुनेवर टाकलेले काम अतिभारारोपण नव्हे काय? ‘आज तुला जेवायला मिळणार नाही’ हे वाक्य उच्चारले जाते ते घर, उकळून गाळलेले पाणी पिणारे असले, तरी अहिंसक कसे म्हणावे?

सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘न्यासापहार’ सांगितला आहे. विश्वासाने ठेवलेली ठेव गिळंकृत करणे, असा त्याचा अर्थ. विवाहात मुलीला मिळालेले दागिने, तिचे स्त्रीधन, सासरच्या तिजोरीत जाते आणि धंद्याच्या अडचणीत तिला न विचारता गहाण पडते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच एका निकालात स्पष्ट केले आहे की, स्त्रीधन ही सर्वस्वी स्त्रीची मालमत्ता होय, आणि ते पतीकडे असले तरी केवळ ठेव म्हणून असते. व्यापारात ठेव बुडविणाऱ्याला आपण दिवाळखोर म्हणतो. घरात ठेव बुडविणाऱ्याला काय म्हणावे, हे आपणच ठरवा.

२००५ साली संसदेने संमत केलेला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा वाचताना मला आश्चर्य वाटले. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाला त्यात हिंसा म्हटले आहे. मूल वा मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणे, अपमान करणे, घरखर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन परस्पर विकणे हे सारे त्यात येते. भावहिंसेची जी जाण आपल्या आचार्यांना होती, ती कायद्यात यावयास एवढी शतके लागली.

आत्मभान कसे झिजते

आता मुख्य विषयाकडे वळू. या छळाने स्त्रीचे मन कसे बदलत जाते?

पहिली पायरी तुटण्याची. पती तिला हळूहळू इतरांपासून दूर करतो. ‘तुझी ती बहीण आगलावी आहे’, ‘तुझ्या आईमुळेच आपल्यात भांडणे होतात’, असे म्हणत एकेक नाते बंद पाडतो. माणसाला स्वतःची ओळख चार माणसांच्या डोळ्यांतून पटत असते. कोणी हुशार म्हणते, कोणी प्रेमळ म्हणते, कोणी हिच्या हातचे पुरण उत्तम म्हणते. हे सारे आरसे काढून घेतले आणि एकच आरसा ठेवला, आणि तो आरसा रोज ‘तू मूर्ख आहेस’ असे सांगू लागला, तर काही वर्षांनी तेच खरे वाटू लागते.

दुसरी पायरी संशयाची, तीही स्वतःवरील संशयाची. काल बोललेले आज नाकारावयाचे, ‘मी असे म्हणालोच नाही, तुलाच भास होतात’ असे ठासून सांगावयाचे. इंग्रजीत या प्रकाराला ‘गॅसलाइटिंग’ असा शब्द रूढ झाला आहे. तो पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ मधील एका नाटकाच्या नावावरून आला. त्यात पती घरातील गॅसच्या दिव्याचा प्रकाश मंद होत असूनही, तसे काही होतच नाही, असे पत्नीच्या मनावर बिंबवतो. जिचा स्वतःच्या डोळ्यांवर आणि स्मरणावर विश्वास उरत नाही, ती निर्णय कशाच्या आधारे घेणार?

तिसरी पायरी आशेची, आणि हीच सर्वांत फसवी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी अशा असंख्य स्त्रियांशी बोलून १९७९ मध्ये एक ग्रंथ लिहिला. त्यांना एक चक्र आढळले. आधी घरात ताण साचत जातो, मग स्फोट होतो, आणि त्यानंतर पती पश्चात्ताप दाखवतो, साडी आणतो, फिरायला नेतो, ‘पुन्हा असे होणार नाही’ म्हणतो. काही दिवस गोडीगुलाबीचे जातात आणि पुन्हा ताण साचू लागतो. प्रत्येक घरात हे चक्र अगदी असेच फिरते असे नाही. परंतु ज्यांनी असे संसार जवळून पाहिले आहेत, त्यांना यातील सत्य पटेल. ती स्त्री त्या चार गोड दिवसांतील पतीलाच खरा पती मानते आणि उरलेल्या दिवसांचा दोष स्वतःकडे घेते. ‘मीच नीट वागले असते तर’ हे वाक्य तिच्या मनात घर करते.

चौथी पायरी पुसले जाण्याची. चाळीस वर्षे मी कापडाच्या गादीवर बसलो आहे. साडी निवडणे हा बहुतेक भगिनींचा आनंदाचा सोहळा असतो. पन्नास साड्या उलगडून एकही न घेता त्या उठतात, त्याचे आम्हाला वाईट वाटत नाही. परंतु मधूनमधून अशी एखादी भगिनी येते की, तिच्यासमोर दोन रंग ठेवले तरी तिचा हात पुढे होत नाही. ती प्रथम शेजारी बसलेल्या यजमानांकडे पाहते. ते म्हणतात, ‘तिला काय कळतंय, तुम्हीच द्या चांगलीशी.’ ती हसल्यासारखे करते. सर्वच अबोल स्त्रिया पीडित असतात, असे मी म्हणणार नाही. परंतु ‘तुम्हाला कोणता रंग आवडतो, ताई?’ या प्रश्नाला ‘मला असं काही नाही’ हे उत्तर काही वेळा इतक्या भीतभीत येते की, ऐकणाऱ्याला चर्र होते. आपल्याला काय आवडते, हेच जिला आठवत नाही, तिच्याजवळून काय हरवले आहे, याचा आपण विचार करावा.

वैद्यकशास्त्रानेही याची नोंद घेतली आहे. १९९२ मध्ये ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञांनी युद्धकैद्यांचे आणि घरात छळ सोसलेल्या स्त्रियांचे मानसिक आघात यांतील साम्य दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात दीर्घकालीन आघातानंतरच्या गुंतागुंतीच्या मानसिक विकाराचा स्वतंत्र समावेश आहे. त्याच्या लक्षणांमध्ये आपण हीन आहोत, हरलेले आहोत, कवडीमोल आहोत अशी पक्की भावना आणि तिच्यासोबत येणारी लाज व अपराधी भाव यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा हा त्या स्त्रीचा स्वभाव नव्हे, ती तिला झालेली इजा आहे.

‘तो जरा तापट आहे’

अशा प्रसंगी समाजात एक ठरलेले वाक्य ऐकू येते : ‘माणूस चांगला आहे हो, फक्त जरा तापट आहे.’ मी व्यापारी असल्याने हे वाक्य तपासून पाहतो. हाच गृहस्थ करखात्याच्या अधिकाऱ्यापुढे तापतो काय? बँकेच्या व्यवस्थापकापुढे, उधारी थकविणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकापुढे भांडे फेकतो काय? नाही. तेथे तो हात जोडून उभा असतो. याचा अर्थ त्याचा राग त्याच्या ताब्यात आहे. कोठे सोडावा आणि कोठे आवरावा, हे त्याला पक्के ठाऊक आहे. चार कषायांपैकी हा केवळ क्रोध नव्हे, हा मान आहे. ‘या घरात माझीच सत्ता’ हा तो मान. अमेरिकन संशोधक इव्हान स्टार्क यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात यालाच सक्तीचे नियंत्रण म्हटले आणि २०१५ मध्ये इंग्लंडच्या कायद्याने अशा नियंत्रणाला गुन्हा ठरविले. आचार्यांच्या दृष्टीने पाहिले, तर असा पुरुष कषायाने प्रथम स्वतःच्याच आत्म्याचा घात करीत असतो. म्हणून त्याला पाठीशी घालणे ही त्याच्यावरदेखील दया नव्हे.

‘मग ती निघून का येत नाही?’

हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. त्यात नकळत एक दूषण असते. तिच्या हाती पैसा नसतो, मुले लहान असतात, धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे असते, निघाल्यास अधिक मार बसण्याची धास्ती असते. ही धास्ती निराधार नाही. स्त्री घर सोडू पाहते तोच काळ तिच्यासाठी अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो. आणि या सर्वांच्या मुळाशी, ‘मला एकटीला जमणार नाही’ हा आत आत रुजविलेला ग्रह असतो.

याबाबत एका शास्त्रीय शोधाची कथा सांगण्याजोगी आहे. १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर या शास्त्रज्ञांना प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले की, सुटका नसलेल्या वेदना वारंवार वाट्याला आल्यावर, पुढे सुटकेची वाट मोकळी असूनही प्राणी हालचाल करीत नाहीत. (अहिंसेच्या दृष्टीने ते प्रयोग क्लेशदायकच होते.) त्यांनी याला ‘शिकलेली असहायता’ असे नाव दिले आणि वॉकर यांनी ते पीडित स्त्रियांना लावले. पुढे जवळजवळ अर्धशतकानंतर, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूविषयीच्या नव्या ज्ञानाच्या आधारे आपला सिद्धांत उलटा करून मांडला. दीर्घ संकटात गोठून जाणे ही शरीराची मूळचीच प्रतिक्रिया असते; शिकावी लागते ती ‘माझ्या हातात काही आहे’ ही जाणीव. मला हा बदल मोठा आशादायक वाटतो. जी गोष्ट शिकता येते, ती शिकविताही येते. अशा स्त्रीला घडाभर उपदेश नको असतो. छोटे छोटे निर्णय तिचे तिला घेऊ देणे, तिच्या नावाचे बँकखाते, तिच्या हातची थोडी कमाई, यांतून ती जाणीव परत येते.

दोन माहेरे

रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणातील सती अंजनेची कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. तिची सखी पवनंजयाची निंदा करीत असता अंजना गप्प राहिली, एवढ्या कारणावरून पवनंजयाने विवाहानंतर बावीस वर्षे तिचे तोंड पाहिले नाही. पुढे तो गुपचूप भेटून गेला आणि ती गर्भवती राहिली, तेव्हा सासू केतुमतीने खुणेची वस्तू दाखवूनही तिच्यावर विश्वास न ठेवता तिला हाकलले. ती माहेरी गेली, तर पिता राजा महेंद्रानेही नगराचे दार बंद केले. गुहेत हनुमानाचा जन्म झाला, त्या वेळी तिच्याबरोबर होती ती एकटी वसंतमाला.

ही कथा सांगताना आपण अंजनेच्या सहनशीलतेवर भर देतो आणि तीच सहनशीलता आपल्या लेकीसुनांपुढे आदर्श म्हणून ठेवतो. परंतु कथाकारांनी त्या सतीला निर्दोष ठरविले आणि विचार न करता दार लावणाऱ्यांच्या पदरी पश्चात्ताप टाकला, हे आपण विसरतो. या कथेतून आपण काही व्हावयाचे असेल, तर वसंतमाला व्हावे. तिने साक्षी-पुरावे मागितले नाहीत, उपदेश केला नाही. ती सोबत चालत राहिली.

याच्या उलट उदाहरण आपल्या मुंबईतील आहे. रखमाबाईंचा विवाह बालवयात झाला आणि त्यांनी त्या पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ मध्ये खटला उभा राहिला, १८८७ मध्ये ‘नांदावयास जा, अन्यथा तुरुंगात जा’ असा आदेश झाला, आणि त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. पुढे १८८८ मध्ये तडजोड होऊन त्या मुक्त झाल्या, विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. हे धैर्य आकाशातून पडले नाही. सावत्र पिता डॉ. सखाराम अर्जुन आणि माहेरचे घर यांनी त्यांना आरंभी आधार दिला होता. माहेरचे दार उघडे असले की ‘मी’ उभी राहते. ते बंद झाले की केवळ ‘अमक्याची बायको’ उरते.

येथे माझ्या व्यापारी बंधूंना एक स्पष्ट प्रश्न विचारतो. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मतःच असल्याचे निःसंदिग्ध केले. तरीही लग्नानंतर बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेणे ही आपल्याकडे रीत झाली आहे. राखीपौर्णिमेला साडी आणि भाऊबीजेला पाकीट देऊन आपण मोकळे होतो. उद्या तीच बहीण दोन मुलांना घेऊन दारात उभी राहिली, तर तिचे त्या घरात काय आहे? जिला ठाऊक आहे की आपल्याला परत जावयास जागा आहे, तिचा स्वर सासरीही वेगळा असतो.

धर्माच्या नावाने दिलेला चुकीचा सल्ला

पीडित स्त्रीला आपण धर्माचे चार दाखले देतो. ते योग्य अर्थाने दिले जातात काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

‘तुझे पूर्वकर्म’ असे आपण म्हणतो. दुःख हे कर्मोदयाने येते, हे खरे. परंतु तेवढ्याने मारणाऱ्याचा नवा कर्मबंध माफ होत नाही, आणि पुरुषार्थाला आपल्या धर्मात पूर्ण स्थान आहे. ज्वर आल्यावर आपण औषध घेतोच. ‘कर्म भोगू द्या’ म्हणून वैद्याला परत पाठवीत नाही.

‘क्षमा कर’ असे आपण म्हणतो. उत्तम क्षमा हा दशधर्मांतील पहिला धर्म होय. परंतु क्षमा ही देणाऱ्याची संपत्ती आहे. ती इतरांनी वसूल करावयाची नसते. शिवाय क्षमा करणे आणि पुन्हा त्याच मारापुढे जाऊन उभे राहणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

‘दोन्ही बाजू असतात, अनेकांताने पाहा’ असेही आपण म्हणतो. अनेकांत म्हणजे सत्याचे सर्व पैलू पाहणे. गिऱ्हाइकाने शंभर म्हटले, दुकानदाराने दोनशे म्हटले, दीडशेला सौदा तोडला, हा अनेकांत नव्हे. एकाने मारले आणि एकीने मार खाल्ला, तेथे मधला भाव नसतो. पंच म्हणून बसणाऱ्यांनी हे विशेषेकरून ध्यानी घ्यावे. पती, सासू, सासरा यांच्यासमोर तिला ‘बोल, तुझं काय म्हणणं आहे?’ असे विचारले तर ती काय बोलणार? तिच्या मौनाला संमती समजून जो समेट होतो, तो बावीस वर्षांच्या अंजनेच्या कथेचीच पुनरावृत्ती असतो.

आणि एक नाजूक गोष्ट. काही भगिनी एकामागून एक कठोर उपवास करतात. त्यांच्या श्रद्धेला माझा नमस्कार आहे. परंतु कधी कधी असे असते की, साऱ्या घरात जेवण सोडणे एवढाच एक निर्णय तिच्या हाती उरलेला असतो आणि पारण्याच्या दिवशीच काय तो तिला मान मिळतो. तिच्या तपाची मिरवणूक काढणाऱ्या आपण, एखाद्या ज्येष्ठ भगिनीमार्फत तिची घरची विचारपूसही करावी.

कायदा आणि त्याविषयीची शंका

‘कायद्याचा दुरुपयोग होतो’ ही तक्रारही नजरेआड करून चालणार नाही. पत्नीच्या छळाविषयी १९८३ मध्ये आलेले दंडसंहितेतील कलम ४९८-अ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आले आहे. सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावले आहे. म्हणजे निर्दोषांच्या संरक्षणाची चिंता न्यायालयानेही केली आहे. परंतु खोट्या हुंड्या निघतात म्हणून आपण हुंडीचा व्यवहार सोडून दिला नाही, तपासण्याची पद्धत सुधारली. ७७ टक्के स्त्रिया तोंडच उघडत नाहीत, तेथे दुरुपयोगाची भीती पुढे करून उरलेल्यांचे तोंड बंद करणे अन्यायाचे ठरेल. शिवाय २००५ च्या कायद्याचा मुख्य हेतू संरक्षणाचा आहे. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत वा थेट दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि घर कोणाच्याही नावावर असो, तिला त्या सामायिक घरात राहण्याचा हक्क मिळतो.

मदतीच्या वाटाही आहेत. मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १९८४ मध्ये स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र उभे राहिले, जेथे जखमेवर पट्टी बांधतानाच मनाचीही विचारपूस होते. १८१ हा महिलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे, ‘सखी’ केंद्रे आहेत, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न न पाहता, विनामूल्य वकील मिळू शकतो. ही माहिती मंदिराच्या सूचनाफलकावर पंचकल्याणकाच्या पत्रिकेशेजारी लागावयास काय हरकत आहे?

ट्रस्टपुढे नम्र निवेदन

सुवर्णमहोत्सव हा हिशेब मांडण्याचा आणि नव्या वहीचा पहिला मजकूर लिहिण्याचा प्रसंग असतो. म्हणून विश्वस्तांपुढे चार गोष्टी ठेवतो. एक, कौटुंबिक तंट्यात स्त्रीचे म्हणणे एकांतात, स्त्री सदस्यांनी ऐकून घेतल्याशिवाय समाजाच्या बैठकीत कोणताही समेट होऊ नये, आणि अशा समितीत निम्म्याहून अधिक भगिनी असाव्यात. दोन, जेथे मारहाण आहे, तेथे ‘नांदावयास पाठवा’ हा निर्णय आपल्या कोणाही पंचाने देऊ नये. तेथे समुपदेशक आणि वकील यांचा मार्ग दाखवावा. तीन, आपल्या धर्मशाळेतील दोन खोल्या अडचणीतील भगिनी व त्यांच्या मुलांसाठी राखून ठेवाव्यात, आणि तेथे राहणारीचे नाव गुप्त राहावे. चार, मुलांच्या शिष्यवृत्तीप्रमाणेच, अर्धवट राहिलेले शिक्षण वा एखादे कौशल्य पुरे करू इच्छिणाऱ्या विवाहित भगिनींसाठी एक निधी असावा. या निधीचा आरंभ म्हणून मी माझ्या कुवतीप्रमाणे रक्कम आजच कार्यालयात जमा करीत आहे.

तरुण भगिनींना शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. आत्मा हा अनंत ज्ञानाचा धनी आहे, हा आपल्या धर्माचा पाया आहे. त्यावर आवरण येते, पण त्याचा नाश होत नाही. कौशांबीत बेड्यांनी जखडलेली, मुंडन केलेली चंदना भगवान महावीरांच्या संघात छत्तीस हजार आर्यिकांची प्रमुख झाली. ज्या दिवशी ती साखळदंडात होती, त्या दिवशीही ती तीच चंदना होती. ‘तू कोणी नाहीस’ असे आपल्याला रोज कोणी सांगत असेल, तर ते असत्य आहे, एवढे ध्यानात ठेवा आणि विश्वासाच्या एका तरी व्यक्तीला सांगा. आणि ज्येष्ठ बंधूंनो, ती व्यक्ती आपण असलो, तर पहिले वाक्य ‘अगं, सगळ्यांच्याच घरी थोडंफार असतंच’ हे नसावे. ‘बाळ, तू सांगितलंस ते बरं केलंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे,’ हे असावे.



जय जिनेंद्र.